मागच्या ऐतवारी

१

मी आणि माझी बायको नलू साताऱ्याहून वर्ध्याला आलो ते एक्क्याऐंशीच्या जूनमध्ये. मला तिथल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची नोकरी लागली होती. नलूच्या आईनं पहिल्याच पत्रात लिहिलं, 'तुमच्या त्या परमुलखात पाणी उकळून प्या.' आम्ही हसलो, पण परमुलूख होताच तो. ऊन वेगळं, जेवण वेगळं, बोलणं वेगळं. बाजारात भाजीवाली काही म्हणाली की नलू क्षणभर गप्प राही, मनात अर्थ लावी आणि मग उत्तर देई.

बोरगाव मेघेत दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. मालकीणबाई आनंदाबाई मागच्या बाजूला राहत. नलू साताऱ्याला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होती. माझ्यासाठी ती नोकरी सोडून आली. त्याबद्दल ती कधी तक्रारीचा शब्द बोलली नाही. पण दिवसभर घरात फिरत राही. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, तिथून ओट्यावर, पुन्हा आत. संध्याकाळी मी फाटकाशी आलो की आतून तिच्या चपलांचा आवाज ऐकू येई. घरातही ती चपला घालूनच असे, आत्ता कुठंतरी निघायचं असल्यासारखी.

दिवाळीच्या सुमारास मी एक जुनी राजदूत मोटारसायकल घेतली. पहिल्या रविवारी पवनारला, धाम नदीवर गेलो. नलू दिवसभर बोलत होती. खडकांबद्दल, नदीच्या वळणाबद्दल, शाळेतल्या मुलींबद्दल. आठवडाभर घरात साचलेलं सगळं तिथं मोकळं झालं. तेव्हापासून रविवार बाहेरचा, हे ठरूनच गेलं. तिनं वर्गात लावतात तसा जिल्ह्याचा नकाशा आणून भिंतीला लावला. जाऊन आलो की त्या जागेभोवती ती तांबड्या पेन्सिलीनं गोल काढी. आनंदाबाईंकडून ती पळसाच्या पानांत कणकेचे पानगे भाजायला शिकली. रानात तीन दगड मांडायचे, पानगे भाजायचे, निखाऱ्यांत वांगी टाकायची आणि दिवस कलायच्या आत परतायचं.

"ऐतवारी पाय ठरत नाई तुमचा घरात," आनंदाबाई म्हणायच्या. "काऊन वो नलूबाई?"

"बाहेर बरं वाटतं," नलू म्हणे.

२

डिसेंबरात केळझरला गेलो. तिथली टेकडी चढायची होती. त्याआधी आम्ही दोघंही कधी केळझरला गेलो नव्हतो, हे मुद्दाम सांगतो.

सडकेच्या कडेला हिरालाल नावाच्या माणसाचं चहाचं दुकान होतं. कुडाच्या भिंती, बाहेर दोन बाकडी. मी दोन चहा सांगितले. नलू कोरा चहा पिते, गूळ घालून. तो कुठंही गेलं तरी समजावून सांगावा लागतो. ती सांगायला उठली, तोवर हिरालालनं माझ्यापुढं दुधाचा चहा ठेवला आणि तिच्या जागेपुढं काचेच्या ग्लासात कोरा.

"गूळ टाकला हाय बाई," तो म्हणाला. "मागच्या ऐतवारी तुमीच सांगतलं होतं नं."

मागच्या रविवारी मला ताप होता. मी अंथरुणात आणि नलू माझ्या उशाशी, असा तो रविवार गेला होता.

"आम्ही आजच येतोय इथं," मी म्हणालो. "दुसरं कुणी असेल."

त्यानं आधी माझ्याकडं आणि मग राजदूतकडं पाहिलं. "असन," तो म्हणाला. लहान मुलाची समजूत काढावी तसं.

नलूला मात्र आनंद झाला होता. "कुठले होते हो ते?"

"वर्ध्याचेच. लई हासून राह्यले होते दोघंबी."

टेकडी चढताना ती म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखंच खुळं जोडपं आहे कुणीतरी इथं. शोधायला हवं. ओळख होईल, येणं-जाणं होईल." मीही तसंच धरून चाललो. जिल्ह्यात राजदूत पुष्कळ. चहावाल्यापुढं दिवसाला शंभर माणसं बसतात. राहता राहिला कोरा चहा, पण तोही काही एकटी नलूच पीत नसेल.

३

नलूनं महिनाभर त्या जोडप्याचा शोध घेतला. मी कॉलेजात विचारलं, मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्याला विचारलं. रविवारी रानात हिंडणारं जोडपं कुणाला माहीत नव्हतं. उलट सगळे म्हणायचे, "तुम्हीच जाता नं सर?"

आणि दर रविवारी, आम्ही पहिल्यांदाच जात असू त्या ठिकाणी, कुणीतरी ओळखीचं हसे. सेलूजवळच्या एका नाल्यावर गुराख्यानं लांबून हात केला. सिंदीच्या बाजूला एका मळ्याच्या राखणदारानं न विचारता विहिरीची वाट दाखवली. मागच्या वेळी चुकले होते म्हणे तुम्ही. सगळे मागच्याच रविवारचं बोलत. महिन्यापूर्वीचं कुणी बोलत नसे, कालचंही नाही.

जानेवारीच्या मध्यावर आम्ही नकाशात नाव नसलेली जागा निवडली. धाम नदीच्या वरच्या अंगाला, गाडीवाट संपते तिथून पुढं पायी. नदीकाठी बाभळीखाली नलू दगड गोळा करू लागली. जवळच एक म्हातारी शेळ्या चारत होती. मीराबाई तिचं नाव.

"दुसरी चूल कायले मांडता?" ती म्हणाली. "तुमची मागच्या ऐतवारची हाय नं तथी."

बाभळीच्या पलीकडं तीन दगड होते. मधे राख. नलू मागच्या बाजूला रुंद दगड ठेवते, वारा अडावा म्हणून. तिथंही तसाच होता. तिनं काडीनं राख उकरली. जळक्या पळसपानात अर्धा पानगा निघाला, दगडासारखा वाळलेला. पानगा थापला की नलू त्यावर तीन बोटं दाबते, आत वाफ कोंडू नये म्हणून. त्यावरही तीन ठसे होते. तिनं आपली बोटं त्यांत ठेवली. ती नीट बसली.

"भांडू नका बाप्पा आज," मीराबाई शेळ्यांमागं जाता जाता म्हणाली. "मागच्या ऐतवारी लई भांडले. बाई रडत होत्या."

आम्ही जेवलो. नंतर मला नदीत उतरायचं होतं म्हणून मी सदरा काढून नलूजवळ दिला. तो घडी करताना खिशातलं पाकीट तिच्या हाताला लागलं. तिच्या शाळेचं पत्र होतं ते. जूनपासून जागा रिकामी होतेय, यायचं असल्यास कळवावं. आठ दिवस मी ते खिशात वागवत होतो. देणार होतो. आज देऊ, उद्या देऊ असं करत राहिलो होतो.

नलू वाचत असताना मला तिचा चेहरा दिसत होता, आणि पुढं काय होणार हेही कळलं होतं. आम्ही भांडलो. ती रडली. परतताना गाडीवर ती मला न धरता बसली होती. सगळ्या वाटेत मला एकच गोष्ट छळत होती: आमचं भांडण आमच्याआधी त्या म्हातारीला ठाऊक होतं.

४

पुढचे दोन रविवार घरी बसलो. ते जास्त वाईट गेले. नलू फिरत राही आणि मी तिची पावलं मोजत राही. शेवटी तिसऱ्या शनिवारी तीच म्हणाली, "चला उद्या. लांब कुठंतरी."

आम्ही गिरडला गेलो. टेकडीच्या पायथ्याशी तानबा नावाचा माणूस नारळ-फुटाणे विकत होता. आम्हाला पाहून तो उभा राहिला. मग माझ्याशी न बोलता नलूकडं वळला.

"बरं झालं बाई, दिसल्या तुमी," तो म्हणाला. "मागच्या ऐतवारी साहेब एकटेच उतरले. म्या इचारलं, बाई कुठी हायेत? त काई बोललेच नाई. गाडी काढली अन् गेले. मी दुकान बंद करेपर्यंत वाट पाह्यली तुमची. मंग म्हटलं, दुसऱ्या वाटेनं गेल्या असतीन."

नलूनं वर टेकडीकडं पाहिलं. ऊन स्वच्छ होतं, माणसं चढत-उतरत होती, लहान मुलं फुटाणे खात होती. भीती वाटावी असं तिथं काही नव्हतं.

"आपण चढायचं नाही," ती म्हणाली.

मी लगेच गाडी वळवली. मी शास्त्र शिकवणारा माणूस. एरवी मी वाद घातला असता.

घरी आल्यावर ती नकाशासमोर उभी राहिली. "ते आपल्यापुढं एक आठवडा आहेत," ती म्हणाली. "आपण पुढच्या रविवारी जिथं जाऊ, तिथं ते आजच असतात."

हे मान्य करणं मला जड गेलं. पण एकदा मान्य केलं की पुढचं सरळ होतं. "मग दोन आठवड्यांनंतरच्या रविवारची जागा आत्ता ठरवू," मी म्हणालो, "आणि तिथं आधीच्याच रविवारी जाऊ. कुणी असलं तर दिसेल. नसलं तर हा विषय संपला."

एकवीस तारखेला बोर धरणावर जायचं, असं आम्ही कागदावर लिहिलं, खाली दोघांनी सह्या केल्या. आणि चौदा तारखेलाच निघालो.

५

मोटारसायकल हिंगणीत एका दुकानापाशी लावली. तिथून शेतांमधून पायी गेलो, धरणाच्या चौकीवरच्या माणसाची गाठ पडू नये म्हणून. दुपारचे तीन वाजले असतील. धरणाच्या भिंतीवर चढलो तेव्हा खाली पाणी अगदी संथ होतं. पलीकडं सागाचं रान, पानगळ झालेलं. टिटवी ओरडत होती, ती आम्ही दिसताच गप्प झाली.

"नाही कुणी," मी म्हणालो. खरंच सुटल्यासारखं वाटलं.

नलूनं माझा दंड धरला.

डाव्या अंगाला, जिथं काठ पाण्यात उतरतो, तिथं एक बाई बसली होती. आमच्याकडं पाठ. जांभळी सुती साडी. नलूनं दिवाळीला वर्ध्यात घेतलेली, तशी. त्या दिवशी नलू पिवळ्या साडीत होती, आणि जांभळी घरी दोरीवर वाळत होती. मी स्वतः ती सकाळी बाजूला सारून टॉवेल घेतला होता.

बाईपासून बरंच दूर, झाडांतल्या गाडीवाटेवर, एक माणूस मोटारसायकल ढकलत चालला होता. चालला होता म्हणण्यापेक्षा पळत होता. गाडी सुरू होत नसावी. दोनदा त्यानं किक मारली, आवाज आमच्यापर्यंत आला. मग पुन्हा ढकलायला लागला. त्यानं एकदाही मागं पाहिलं नाही. त्याचा सदरा मला ओळखता आला. चेहरा दिसला नाही. दिसू नये असंच मला वाटत होतं.

तो झाडांमागं गेला. बाई तशीच बसून होती. मग तिनं हात मागं नेला आणि अंबाड्याची पिन काढून पुन्हा खोवली. नलू कंटाळली की तसंच करते.

"हाक मारते मी," नलू कुजबुजली.

"नको."

"अहो, एकटी आहे ती."

मी तिला ओढतच भिंतीवरून खाली आणलं. हिंगणी येईपर्यंत आम्ही थांबलो नाही. तिथं पाणी पिताना ती म्हणाली, "तुम्ही पळत होता." मी म्हणालो, "मी तुझ्याजवळ होतो."

६

शुक्रवारी नलूला मी पुण्याकडच्या गाडीत बसवलं. साताऱ्याला जायचं, शाळेला होकार द्यायचा, मी वर्ष संपलं की येईन, असं ठरलं. खिडकीतून ती म्हणाली, "रविवारी घराबाहेर पडू नका."

"नाही पडणार," मी म्हणालो.

रविवारी सकाळी तिची तार आली, सुखरूप पोचल्याची. मी ती चार वेळा वाचली. घरात चपलांचा आवाज नव्हता, आणि तो नसल्याचाच त्रास होऊ लागला. मी आतून बाहेर, बाहेरून आत फिरू लागलो. नलू साताऱ्यात आहे, तार माझ्या हातात आहे. मग बोरवर जाऊन यायला हरकत काय? तिथं कुणी नसेल, आणि कुणी नाही हे डोळ्यांनी पाहिलं की पुढची कित्येक वर्षं निर्धास्त झोप लागेल. अकरा वाजता मी हा विचार करत होतो. अडीच वाजता धरणाच्या चौकीपाशी होतो.

चौकीवर रूपराव नावाचा चौकीदार बसला होता. त्याला मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"या साहेब," तो म्हणाला. "उशीर केला तुमी. बाई सकाळपासूनच येऊन बसल्या हायेत पाण्यापाशी. म्या म्हटलं, सावलीत बसा. त म्हने, इथून वाट दिसते."

मी खिशातली तार चाचपली. "कोण बाई?"

तो हसला. "रागावल्या का तुमच्यावर? जा, जा. समजूत काढजा."

गाडी झाडांत लावून मी पुढं गेलो. का गेलो, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. काठ दिसू लागला तेव्हा जांभळी साडी दिसली. ती पाठमोरी होती. वीस-पंचवीस पावलांचं अंतर असेल. वाळक्या पानांवर माझा पाय पडला, आणि तिनं मान वळवली नाही, फक्त सरळ बसली.

"आलात?" ती म्हणाली.

नलूचाच आवाज. घशात जरा घोगरेपणा, बराच वेळ न बोललेल्या माणसाचा असतो तसा.

"किती वेळ झाला," ती म्हणाली. "चला आता घरी."

ती उठू लागली. एक हात जमिनीला टेकला, पदर सावरला. आता वळेल, आता चेहरा दिसेल, एवढं मला कळलं, आणि मी वळलो. गाडीपाशी पोचलो. किक मारली, लागली नाही. पुन्हा मारली. मग ढकलायला लागलो. पाय आपोआप पळत होते. मागून हाक आली, "अहो." ओरडून नाही. बाजारात दोन पावलं पुढं गेलेल्या नवऱ्याला मारतात तशी. थोड्या वेळानं आणखी एकदा, "अहो, थांबा ना." मग नाही.

मी मागं पाहिलं नाही. पळता पळता फक्त एकदा धरणाच्या भिंतीकडं नजर गेली. वर कुणी उभं नव्हतं.

चौकी ओलांडताना रूपराव उठून उभा राहिला. "साहेब, बाई?" त्यानं विचारलं. मी उत्तर दिलं नाही.

७

एप्रिलमध्ये परीक्षा उरकल्या आणि मी राजीनामा दिला. सामान बांधताना आनंदाबाईंनी नकाशा भिंतीवरून काढून गुंडाळून दिला. "लेकीसारकी होती मले नलूबाई," म्हणाल्या. "घेऊन येजा कधी."

साताऱ्यात मला एका शाळेत जागा मिळाली. नलू जूनपासून तिच्या शाळेत जाऊ लागली. ती आनंदात होती, खायची-प्यायची, हसायची. घरात अनवाणी वावरायची. पहिले काही दिवस मी तिला चोरून बघत असे. ती नलूच होती, यात मला कधी शंका आली नाही.

एका संध्याकाळी ती मुलींच्या वह्या तपासत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "त्या रविवारी गेला होतात ना तुम्ही?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "हो," मी म्हणालो.

"होती ती?"

"कुणी नव्हतं."

तिनं लाल शाईनं एक खूण केली, पान उलटलं.

"मी गाडीत बसल्यापासून तोच विचार करत होते," ती म्हणाली. "तुम्ही जाणार हे मला माहीत होतं. म्हटलं, मागच्या वेळी सोडलं, पण या वेळी तिला निदान घरापर्यंत तरी आणतील."

"कुणी नव्हतं, नलू."

वर्गात एखादी मुलगी खोटं बोलतेय हे कळल्यावर शिक्षिका जशी पाहते, तसं तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मग मान हलवली आणि ढिगातली पुढची वही ओढून घेतली.